दवाखाना दूर असता : सर्पदंश, विंचूदंश व औषधबाधा यांसाठी गावाची पूर्वतयारी

मृगाचा पाऊस पडला म्हणजे शेतीच्या कामास वेग येतो. पेरणी, भाताची लावणी, निंदणी, खुरपणी व पुढे फवारणी अशी कामे एकामागून एक येतात. याच दिवसांत बिळांत पाणी शिरल्यामुळे साप कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात आणि बेडूक-उंदरांच्या मागोमाग बांधावर, गोठ्यात व प्रसंगी घरातही येतात. पुन्हा याच दिवसांत ओढ्यानाल्यांना पूर येऊन वाडीवस्तीचा रस्ता तुटतो. म्हणजे ज्या काळात संकटाचा संभव अधिक, नेमकी त्याच काळात वैद्यकीय मदत सर्वांत दूर गेलेली असते.

बियाणे, खते, अवजारे, बैलांचा चारा यांची तजवीज दूरदृष्टीचा शेतकरी वैशाखातच करून ठेवतो. पाऊस पडल्यावर तिफणीचे दाते शोधत बसणाऱ्याची पेरणी साधत नाही, हे त्यास ठाऊक असते. माणसाच्या जिवाची गोष्टही याहून निराळी नाही. दंश झाल्यावर वाहन कोणाकडे आहे याची चौकशी सुरू करणे, हे पाऊस पडल्यावर तिफण शोधण्यासारखेच आहे. दवाखाना दूर आहे ही गोष्ट गावाच्या हाती नाही. परंतु त्या दवाखान्यापर्यंत रोगी किती लवकर व कोणत्या स्थितीत पोहोचतो, हे पुष्कळ अंशी गावाच्या हाती आहे.

प्रश्न केवढा मोठा आहे हे ध्यानात यावे म्हणून एक आकडा पुरेसा आहे. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात देण्यात आला आहे. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील असून, सुमारे निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादीत केला. भारत सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साधावयाचे तर त्याचा आरंभ गावातच व्हावयास हवा.

वेळ कोठे जाते ?

समजा, दवाखान्यापासून २५ किलोमीटर अंतरावरील एका वस्तीवर रात्री अकरा वाजता एका स्त्रीस साप चावला. घरची माणसे जागी झाली. कोणी साप शोधू लागले, कोणी मांत्रिकास बोलावण्यास धावले. मांत्रिकाचे उपचार होईतो दीड तास गेला. पापण्या जड होऊ लागल्यावर दवाखान्याचा विचार निघाला. वाहनासाठी तीन घरे हिंडावी लागली. त्यात पाऊण तास गेला. रस्त्यास एक तास लागला. तेथे प्रतिविषाचा साठा नसल्याचे कळले आणि तालुक्याच्या रुग्णालयाकडे पुन्हा निघावे लागले. त्यात आणखी एक तास गेला.

हा हिशेब मांडून पाहावा. एकूण सव्वाचार तासांपैकी रस्त्याचा न टाळता येणारा वेळ फार तर दीड-दोन तासांचा होता. बाकीचा वेळ निर्णय घेण्यात, वाहन शोधण्यात व चुकीच्या ठिकाणी जाण्यात गेला. रस्ता आखूड करणे हे एका दिवसाचे काम नव्हे. परंतु निर्णय आधीच ठरविणे, वाहन आधीच ठरविणे आणि कोणत्या रुग्णालयात जावयाचे हे आधीच माहीत करून घेणे, ही तिन्ही कामे कोणतेही गाव पैशाविना करू शकते. पूर्वतयारी म्हणतात ती हीच होय.

चार प्रमुख विषारी साप

आपल्याकडे आढळणारे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड, कवड्या हे शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे साप त्यांपैकीच असून, उंदरांचा फडशा पाडणारी धामण तर शेताची राखणदारच म्हणावी लागेल. माणसाच्या जिवास अपाय करणाऱ्या सापांपैकी चार प्रमुख आहेत.

नाग फणेवरून ओळखता येतो. मण्यार काळीनिळी, चकचकीत असून तिच्या अंगावर पांढरे, बहुधा जोडीजोडीने असणारे आडवे पट्टे असतात. या दोहोंचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर परिणाम करते. पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

घोणस जाड अंगाची असून तिच्या पाठीवर साखळीसारखे गोल तपकिरी ठिपके असतात आणि ती मोठ्याने फुत्कारते. फुरसे आखूड असते व अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. कोकणातील कातळाच्या प्रदेशात ते विशेष आढळते. या दोहोंच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. दंशाची जागा सुजते व दुखते. हिरड्यांतून, लघवीवाटे वा जुन्या जखमेतून रक्त वाहू लागते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडे निकामी होण्याचाही धोका असतो.

मण्यारीविषयी विशेष सावध असले पाहिजे. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसास झोपेतच चावते. दंशाची जागा सुजत नाही, फारशी दुखत नाही, दातांच्या खुणाही कित्येकदा दिसत नाहीत. पहाटे उठल्यावर पोटात दुखते, उलटी होते, घसा धरल्यासारखा वाटतो आणि पापण्या उघडत नाहीत. घरची माणसे अपचन समजून ओवा देत बसतात व मोलाचा वेळ निघून जातो. पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसास पहाटे पोटदुखी व पापण्यांचा जडपणा ही दोन लक्षणे एकदम दिसली, तर साप दिसला नसला तरी मण्यारीचा दंश समजून त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दंश होताच काय करावे

१. सापापासून दूर व्हावे. साप मारण्याच्या वा पकडण्याच्या मागे लागू नये. त्यात वेळ जातो व दुसऱ्या माणसासही दंश होण्याचा संभव असतो. मेलेल्या सापाचे तुटलेले डोकेदेखील काही काळ चावू शकते. दुरून मोबाईलवर छायाचित्र घेता आले तर घ्यावे. न आल्यास अडत नाही. आपल्याकडील प्रतिविष या चारही सापांवर एकच असल्याने साप ओळखता न आला तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार करू शकतात.

२. रोग्यास निजवावे व धीर द्यावा. बहुतेक साप बिनविषारी असतात, विषारी साप चावला तरी तो दर वेळी विष टोचतोच असे नाही आणि विषावर खात्रीचे औषध उपलब्ध आहे, या तिन्ही गोष्टी खऱ्या असून त्या रोग्यास सांगाव्या.

३. अंगठी, जोडवी, बांगड्या, पैंजण, घड्याळ, करदोडा व घट्ट कपडे ताबडतोब काढावे. सूज आल्यावर हेच दागिने रक्ताचा पुरवठा बंद करतात.

४. दंश झालेला हात वा पाय, हाड मोडले असता बांधतात त्याप्रमाणे, बांबूच्या कांबींना किंवा सरळ फळीला सैल पट्ट्यांनी बांधावा. पट्टीखालून एक बोट सहज जावे इतकी ती सैल असावी. स्नायूंची हालचाल जितकी कमी, तितके विष सावकाश पसरते. म्हणून रोग्यास चालू देऊ नये, मग धावणे तर दूरच.

५. दंशाची वेळ कागदावर लिहावी. पुढे पापणी मिटू लागली, उलटी झाली, सूज गुडघ्यापर्यंत आली अशी जी लक्षणे दिसतील, त्यांचीही वेळ टिपावी. ही चिठ्ठी डॉक्टरांस फार उपयोगी पडते.

६. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. रुग्णवाहिकेस उशीर लागणार असेल तर ठरलेल्या वाहनाने निघून वाटेत तिला गाठावे. दुसरे साधन नसल्यास मोटरसायकलवर चालक पुढे, रोगी मध्ये व त्यास धरून बसणारा मागे, अशा रीतीने न्यावे. मात्र रोगी मोटरसायकलवर नीट बसू शकत असेल तोवरच हा मार्ग योग्य होय.

७. मोटर जात नसेल तेथे दोन बांबूंना घोंगडी वा चादर बांधून झोळी करावी, अथवा बाजेवरून रोग्यास न्यावे.

काय करू नये

दंशाच्या वर दोरी किंवा कापड घट्ट आवळू नये. विष त्यायोगे थांबत नाही, मात्र रक्त थांबून अवयव गमावण्याची पाळी येते. कोणी आधीच आवळून बांधले असेल तर ते वाटेत एकदम सोडू नये. दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावे, कारण अडलेले विष एकाएकी अंगात भिनण्याचा धोका असतो.

जखमेवर ब्लेडने चीर देऊ नये. घोणस वा फुरशाच्या दंशात रक्त गोठत नसल्याने ही चीरच जिवावर बेतते. तोंडाने विष चोखू नये, जखम चोळू नये, बर्फ, झाडपाला, चुना वा रॉकेल लावू नये. दारू, काढा अथवा ॲस्पिरिनची गोळी देऊ नये.

मांत्रिकाच्या उपचाराने माणसे बरी होतात, असा अनुभव कित्येक लोक सांगतात. तो खोटा नसतो. त्याचा अर्थ मात्र वेगळा असतो. अनेक दंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी सापाचे काही दंशही कोरडे असतात. ती माणसे कोणताही उपचार न करता बरी झाली असती. ज्यांच्या अंगात खरोखर विष भिनले होते, त्यांना मंत्राचा उपयोग झाला नाही. गावातील मांत्रिकाशी वाद घालून हा प्रश्न सुटत नाही. त्याचा मान राखून त्यालाच गावाच्या तयारीत सामील करून घ्यावे आणि आलेल्या रोग्यास त्याने प्रथम रुग्णालयाकडे पाठवावे, असे त्याच्याकडून वदवून घ्यावे. लोक त्याचा शब्द मानतात, आणि तो शब्दच रोग्यास वेळेवर दवाखान्यात पोहोचवू शकतो.

वाटेत श्वास बंद पडू लागल्यास

उलटी येत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर रोग्यास डाव्या कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. गिळता येत नसेल तर पाणीसुद्धा देऊ नये.

नाग वा मण्यारीच्या दंशात श्वासाचे स्नायू लुळे पडतात, पण हृदय चालू असते. रोगी डोळे उघडत नाही, बोलत नाही, हात हलवीत नाही. तथापि कित्येकदा त्यास सर्व काही ऐकू येत असते. अशा रोग्यास मृत समजून घरची माणसे आशा सोडतात, ही अत्यंत शोचनीय चूक होय. मानेच्या बाजूस नाडी लागत असेल तर रोग्याची हनुवटी वर उचलून, नाक दाबून, तोंडाने दर पाच-सहा सेकंदांस एक श्वास द्यावा व रुग्णालय येईपर्यंत तो चालू ठेवावा. नाडी लागत नसेल किंवा ती ओळखता येत नसेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळव्यांनी मिनिटास १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. प्रत्येक ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावे. रुग्णालयात श्वासयंत्राच्या आधारे असे रोगी पूर्ण बरे होतात. ही क्रिया वाचून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून गावातील चार-पाच तरुणांनी व आशा कार्यकर्तीने ती हाताने करून शिकून घ्यावी.

प्रतिविष म्हणजे काय ?

सापाचे विष अत्यल्प प्रमाणात घोड्यास वारंवार टोचले असता त्याच्या रक्तात त्या विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात. ती शुद्ध करून प्रतिविष बनवितात. १८९९ साली परळ येथे स्थापन झालेल्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले. मुंबईतील या संस्थेचे नाव या औषधाच्या निर्मितीशी दीर्घकाळ निगडित आहे.

हे औषध गावात किंवा घरी का ठेवू नये, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. त्याची कारणे स्पष्ट आहेत. ते शिरेतून द्यावे लागते. विषबाधेची लक्षणे दिसली तरच ते देतात व प्रारंभीच ८ ते १० कुप्या लागतात. मुलांनाही मात्रा मोठ्यांइतकीच द्यावी लागते, कारण साप मूल पाहून विष कमी टोचीत नाही. शिवाय घोड्याच्या रक्तातून आलेले हे द्रव्य काही रोग्यांना सोसत नाही व एकाएकी रक्तदाब उतरतो. त्यावरील इंजेक्शन हाताशी ठेवूनच डॉक्टर ते देतात. घोणस-फुरशाच्या शंकेत डॉक्टर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही तर विष भिनल्याचे निदान होते. ही परीक्षा लहान दवाखान्यातही होऊ शकते.

प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषास निष्प्रभ करते. मज्जातंतूंवर किंवा मूत्रपिंडावर होऊन चुकलेली हानी ते भरून काढीत नाही. लवकर पोहोचण्याचे महत्त्व यातच आहे. लक्षणे दिसत नसली तरी रोग्यास किमान २४ तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे.

विंचूदंश

मोठ्या काळ्या इंगळीची लोकांस भीती वाटते, परंतु खरा धोका आकाराने लहान अशा लाल विंचवाचा आहे. कोकणात व राज्याच्या इतर कोरड्या भागांतही तो आढळतो. गवताच्या भाऱ्यात, सरपणात, कौलांत, पायताणात तो दडून बसतो. नुसती वेदना असेल तर फारसे भय नसते. पण दंशानंतर दरदरून घाम सुटणे, उलट्या होणे, हातपाय थंडगार पडणे, धाप लागणे व खोकल्याबरोबर फेस येणे ही लक्षणे दिसल्यास विष हृदयावर परिणाम करीत आहे असे समजावे. लहान मुलांस हा धोका अधिक असतो.

महाड भागात दीर्घकाळ काम केलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध लाल विंचवाच्या दंशावर उपयोगी पडते, हे १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले. पूर्वी गंभीर दंश झालेल्या रोग्यांत मृत्यूचे जे मोठे प्रमाण असे, ते या उपचाराने अगदी अल्प झाले. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष दिल्यास रोगी अधिक लवकर सुधारतो असे आढळले. २०२२ साली त्यांस पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. दुर्गम भागातील दवाखान्यात केलेल्या सूक्ष्म निरीक्षणातून सर्व जगास उपयोगी असे ज्ञान निर्माण होते, याचे हे उदाहरण होय. हे औषध रक्तदाब उतरविणारे असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये. घरच्या माणसांचे काम रोग्यास निजवून ठेवणे, दंशाची वेळ टिपणे व त्यास त्वरित दवाखान्यात नेणे एवढेच आहे.

फवारणी करताना होणारी औषधबाधा

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती व फवारा अंगावर, तोंडावर येत होता. औषध पोटात गेले तरच बाधते, ही समजूत चुकीची आहे. ते कातडीतून व श्वासावाटेही अंगात शिरते.

घाम व लाळ सुटणे, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणे, अंधुक दिसणे, उलटी, जुलाब, छातीत घरघर व स्नायूंची थरथर ही ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील औषधांच्या बाधेची लक्षणे होत. ती दिसताच फवारणी थांबवावी. रोग्यास शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे. औषधाने भिजलेले सर्व कपडे काढावे आणि अंग, केस, नखे साबण व भरपूर पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावी. डोळ्यांत औषध गेले असल्यास स्वच्छ पाण्याची धार तितकाच वेळ सोडावी. धुणाऱ्याने हातांत रबरी मोजे घालावे. नसल्यास हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्या.

औषध पोटात गेले असले तरी मिठाचे पाणी पाजून वा घशात बोट घालून ओकारी काढू नये. दूध, तूप, ताक देऊ नये. उलटी श्वासनलिकेत गेल्यास धोका दुणावतो. रोग्याच्या तोंडास औषध लागले असेल तर तोंडाने श्वास देणेही टाळावे, कारण त्याने मदत करणाऱ्यासच बाधा होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल रोग्याबरोबर पाठवावे. निरनिराळ्या औषधांवरील उपचार निरनिराळे आहेत. एका वर्गावर ॲट्रोपिन हे इंजेक्शन जीवदान देते, तर दुसऱ्या वर्गावर त्याचा उपयोग होत नाही. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली असतील तर ती सर्व सांगावी. डब्यावरील रंगीत चिन्हाचा अर्थही प्रत्येकास ठाऊक असावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्याखालोखाल अनुक्रमे पिवळा, निळा व हिरवा. हिरवे चिन्हदेखील निर्धास्तपणाचे निदर्शक नव्हे.

गावाने करावयाची तयारी

मृगापूर्वी एक दिवस ठरवून सरपंच, पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती, शिक्षक, कृषी विभागाचे कार्यकर्ते व दोन-तीन वाहनधारक यांनी एकत्र बसावे व पुढील गोष्टी पक्क्या कराव्या.

१. सर्पदंशाचे प्रतिविष, प्राझोसिन व ॲट्रोपिन जवळच्या कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात वा उपजिल्हा रुग्णालयात आहे व रात्री डॉक्टर कोठे असतात, याची चौकशी करावी. श्वासयंत्र कोठे आहे तेही विचारावे. ही चौकशी पावसाळ्यात दर महिन्यास पुन्हा करावी, कारण साठा बदलत असतो. रोगी निघताच तेथे दूरध्वनीने कळवावे.

२. वाहनांची पाळी लावावी. कोणत्या आठवड्यात रात्री कोणाची जीप वा मोटरसायकल तयार असेल हे लिहून ठेवावे. डिझेल-पेट्रोलचा खर्च कोणी व कसा द्यावयाचा हेही आधीच ठरवावे. संकटाच्या वेळी पैशाचा विचार करावा लागू नये.

३. ओढ्यास पूर आला असता कोणत्या वाटेने जावयाचे, झोळी उचलणारे कोण व पलीकडे वाहन कोठे उभे राहील, हे ठरवावे. मोबाईलची लहर कोणत्या टेकडीवर वा घराजवळ लागते ते सर्वांस माहीत असावे.

४. शाळेत वा ग्रामपंचायतीत एक पेटी ठेवावी. तीत बांबूच्या चार कांबी, रुंद पट्ट्या, स्वच्छ कापड, रबरी मोजे, साबण, विजेरी, कागद, पेन्सिल व जलसंजीवनीची पाकिटे असावीत. पेटीस कुलूप लावू नये. लावल्यास किल्ली कोणाकडे आहे ते पेटीवर ठळक लिहावे.

५. हे सर्व एका फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून चावडी, शाळा, दूध संकलन केंद्र व कृषी सेवा केंद्र येथे लावावे. शेतमजूर व ऊसतोडणीसाठी आलेली कुटुंबे यांना ते वाचून दाखवावे. पालात राहणाऱ्या व जमिनीवर निजणाऱ्या या कुटुंबांस धोका अधिक असून गावात त्यांच्या ओळखीचे कोणी नसते.

६. पावसाळ्यापूर्वी एकदा रंगीत तालीम करावी. एकास रोगी समजून वस्तीपासून वाहनापर्यंत किती मिनिटे लागली ते मोजावे. जेथे वेळ गेला तेथे सुधारणा करावी.

घरची दक्षता

दंश न होऊ देणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. पावसाळ्यात खाटेवर निजावे व मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचाव्या; डासांबरोबर मण्यारीपासूनही तिने संरक्षण होते. रात्री बाहेर जाताना विजेरी व काठी घ्यावी. भातखाचरात, गवत कापताना व पाणी देताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट वापरावे. गवताचा भारा वा लाकडे उचलण्यापूर्वी काठीने हलवून पाहावी; बिळात वा ढिगाऱ्यात हात घालू नये. सरपण व गोवऱ्या घराच्या भिंतीस लागून रचू नयेत. धान्य बंद कणगीत ठेवून उंदीर कमी करावे. उंदीर गेले म्हणजे सापही घराकडे फिरकत नाही. पायताण झटकल्याशिवाय घालू नये.

फवारणी वाऱ्याच्या दिशेने, सकाळी वा सायंकाळी करावी. उपाशीपोटी, तसेच तंबाखू खात फवारणी करू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा, विजार, मोजे, टोपी, चष्मा व नाकातोंडावर मुखपट्टी वापरावी. रिकामे डबे घरात पाण्यासाठी वापरू नयेत.

सर्व प्रयत्न करूनही मृत्यू ओढवला, तर कुटुंबाने उपचाराची कागदपत्रे जपून ठेवावी. राज्यात २०२३ पासून चालू असलेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश व विषबाधा यांचाही समावेश असून, मृत्यू झाल्यास वारसांस २ लाख रुपये साहाय्य मिळते. यासाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयाकडे विलंब न करता अर्ज करावा. दुःखाच्या दिवसांत कुटुंबास हे सुचत नाही. म्हणून गावातील कार्यकर्त्यांनी स्वतः होऊन त्यास साहाय्य करावे.

वर मांडलेल्या उदाहरणाकडे पुन्हा वळावे. तीच वस्ती, तोच २५ किलोमीटरचा रस्ता आणि तीच पावसाची रात्र. फरक इतकाच की, या वेळी फलकावरील नाव पाहून पाळीच्या वाहनधारकास हाक मारली गेली, पाय कांबीस बांधला गेला, वेळ चिठ्ठीवर लिहिली गेली आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयास आधी कळवून वाहन थेट तिकडे निघाले. सव्वाचार तासांचे काम दीड-दोन तासांत झाले. पापण्या मिटण्यापूर्वी ती स्त्री डॉक्टरांसमोर आहे. यासाठी गावास एक बैठक, एक फलक व एक पेटी यांहून अधिक काही लागलेले नाही. यंदाच्या मृगापूर्वी प्रत्येक गावाने एवढे अवश्य करावे.